भाजीपाल्याची आवक, ऋतुमान आणि बाजारभाव

सन २०२३ च्या उन्हाळ्यात नारायणगाव, नाशिक आणि इतर बाजारपेठांत टोमॅटोला इतका कमी भाव मिळाला की, कित्येक शेतकऱ्यांनी तोडणी थांबवून उभ्या पिकात जनावरे सोडली. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात देशातील अनेक शहरांत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला व काही ठिकाणी त्याने दोनशे रुपयांचाही टप्पा ओलांडला. पुढे सप्टेंबर महिन्यात नाशिक जिल्ह्यात हाच टोमॅटो पुन्हा रस्त्याच्या कडेला ओतला गेला. जमीन तीच, पीक तेच आणि शेतकरीही तेच. मग चार-पाच महिन्यांच्या अवधीत भावात एवढी उलथापालथ का व्हावी?

या प्रश्नाचे उत्तर केवळ "व्यापाऱ्यांनी भाव पाडले" किंवा "पावसाने घात केला" असे एका वाक्यात देता येत नाही. हवामान, पिकाचा कालावधी, बाजारातील मागणी आणि शेतकऱ्याने लागवडीच्या वेळी केलेली निवड या चार गोष्टींचा परस्परांशी निकटचा संबंध आहे. हा संबंध नीट ध्यानात आला तर भावाची चढउतार पूर्णपणे टाळता आली नाही, तरी तिच्यापासून होणारे नुकसान पुष्कळ अंशी कमी करता येते. प्रस्तुत लेखात त्याचेच विवेचन केले आहे.

भाजीपाला आणि धान्य यांतील फरक

ज्वारी, बाजरी अथवा हरभरा यांचा भाव उतरला असता शेतकऱ्याला माल घरी ठेवून वाट पाहता येते. भाजीपाल्याच्या बाबतीत ही सोय नाही. मेथी, पालक, कोथिंबीर या पालेभाज्या सकाळी काढल्या तर उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत त्यांचा तजेला जातो. भेंडी वेळेवर तोडली नाही तर एक-दोन दिवसांतच ती निबर होते. पिकलेला टोमॅटो फार तर चार-सहा दिवस टिकतो. माल तयार झाला की तो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी विकणे भाग असते. सबब त्या दिवशी बाजारात जेवढी आवक असेल तिच्यावरच त्या दिवसाचा भाव ठरतो.

याला दुसरी एक बाजू आहे. घरोघरी रोज लागणारी भाजी ठरावीक असते. भाव निम्म्यावर आला म्हणून कोणी दुप्पट भाजी खात नाही आणि भाव वाढला तरी थोडीफार भाजी घ्यावीच लागते. त्यामुळे आवकेत थोडा फरक पडला तरी भावात मोठा फरक पडतो. उदाहरणादाखल असे समजू की, एखाद्या शहराला रोज शंभर गाड्या भाजी लागते. पावसामुळे एखाद्या दिवशी ऐंशीच गाड्या आल्या, तर भाव पाचव्या हिश्शाने वाढून थांबत नाही, तो दीडपट किंवा दुप्पटही होतो. उलट, त्या दिवशी एकशेवीस गाड्या आल्या तर जादा वीस गाड्यांना गिऱ्हाईक नसल्यामुळे सर्वच मालाचा भाव खाली येतो. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे, एका गावात दहा-वीस एकर जादा लागवड झाल्याने भाव का पडतो, हे सहज समजते.

तीन ऋतूंचे तीन परिणाम

पावसाळा : मृगाचा पाऊस पडला की खरीप भाजीपाल्याची लागवड सुरू होते. परंतु जून ते सप्टेंबर हा काळ बाजारातील आवकेच्या दृष्टीने सर्वांत बेभरवशाचा असतो. सततच्या पावसाने पालेभाज्यांचे बी कुजते, उगवलेली रोपे लोळतात आणि काढलेल्या जुड्या वाटेतच सडतात. टोमॅटो, मिरची व वांगी यांवर करपा, फळसड आणि मर या रोगांचा जोर वाढतो. दुधी, दोडका, कारली, काकडी या वेलवर्गीय भाज्यांत नर व मादी फुले वेगवेगळी असतात. पावसाची झड लागली म्हणजे मधमाश्या बाहेर पडत नाहीत, परागीभवन होत नाही आणि फळधारणा घटते. शेतात चिखल झाल्यामुळे तोडणीही वेळेवर होत नाही. श्रावण-भाद्रपदात कोथिंबिरीच्या जुडीला अवाच्या सवा भाव येतो तो याच कारणामुळे.

हिवाळा : ऑक्टोबरनंतर आकाश निरभ्र होते, रात्री थंड होतात आणि विहिरींना पाणी असते. कोबी, फुलकोबी, वाटाणा, गाजर, मुळा, मेथी, पालक या सर्वच भाज्यांना हे हवामान मानवते. त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात सर्व बाजूंनी एकदम आवक होऊन भाव खाली जातात. भाजी उत्तम आणि भाव कमी असा हा हंगाम होय. तथापि थंडीचेही काही तोटे आहेत. कडाक्याच्या थंडीत टोमॅटोची वाढ मंदावते व फळांना रंग चढण्यास विलंब लागतो. कांद्याच्या रोपावर थंडीचा परिणाम होऊन डेंगळे येतात. फुलकोबीची हळवी जात थंडीत उशिरा लावली तर झाड पुरते वाढण्यापूर्वीच त्यावर बटणाएवढा गड्डा धरतो आणि असा माल बाजारात कोणी विचारीत नाही.

उन्हाळा : मार्चनंतर विहिरींचे पाणी आटू लागते आणि भाजीपाल्याखालील क्षेत्र आपोआप आक्रसते. ज्यांच्याकडे बारमाही पाणी आहे त्यांना या काळात चांगला भाव मिळण्याचा संभव असतो, परंतु उष्णता ही त्यांची कसोटी पाहते. टोमॅटोला फळधारणेसाठी दिवसाचे २० ते २७ अंश सेल्सिअस व रात्रीचे १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान अनुकूल असते. दिवसाचे तापमान ३५ अंशांपुढे गेले आणि रात्रीही उष्ण राहू लागल्या म्हणजे फूलगळ होते. जी फळे टिकतात त्यांना लाल रंगाऐवजी पिवळट झाक येते, कारण कडक उन्हात तांबडे रंगद्रव्य नीट तयार होत नाही. कोथिंबीर व मेथी उन्हाळ्यात लवकर फुलावर येतात. काकडी, कलिंगड, गवार व भेंडी ही पिके मात्र उष्णता बऱ्यापैकी सोसतात. म्हणूनच पाण्याची खात्री असलेल्या शेतकऱ्याने उन्हाळ्यात त्यांना अग्रक्रम देणे हितावह असते.

या तीन ऋतूंखेरीज अवकाळी पाऊस व गारपीट यांची भर पडते. फेब्रुवारीअखेर आणि मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने द्राक्ष, कांदा, गहू व भाजीपाला यांचे फार मोठे नुकसान केले. मार्च व एप्रिल २०२३ मध्येही अवकाळी पावसाने रब्बी कांदा काढणीच्या ऐन वेळी भिजला. असा भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही.

हवामानाचा परिणाम बाजारात केव्हा दिसतो

पाऊस आज पडला म्हणजे भाव उद्याच वाढतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. हवामानाचा परिणाम दोन वेळा होतो. पहिला परिणाम उभ्या मालावर होतो आणि तो दोन-तीन दिवसांत बाजारात दिसतो. दुसरा परिणाम रोपे व फुले यांवर होतो आणि तो काही आठवड्यांनी उघडकीस येतो. हा दुसरा परिणाम बहुधा दुर्लक्षित राहतो. वास्तविक लागवडीचा निर्णय घेण्यासाठी तोच अधिक उपयोगी आहे.

निरनिराळ्या पिकांना लागणारा कालावधी पाहिला असता हे स्पष्ट होईल. मेथी पेरल्यापासून सुमारे २५ ते ३० दिवसांत आणि कोथिंबीर सुमारे ३५ ते ४५ दिवसांत काढणीस येते. म्हणून अतिवृष्टीने पालेभाज्या गेल्या तर त्यांचा तुटवडा साधारणतः एक ते दीड महिना राहतो. नव्या पेरणीचा माल आला की तो संपतो. भेंडी पेरल्यापासून ४५ ते ५० दिवसांत पहिल्या तोड्यावर येते, पण फूल उमलल्यापासून फळ तोडणीस यावयास केवळ पाच-सहा दिवस लागतात. टोमॅटोच्या रोपवाटिकेत २५ ते ३० दिवस जातात, पुनर्लागणीनंतर ६० ते ७५ दिवसांनी पहिला तोडा मिळतो आणि फूल ते पक्के फळ या टप्प्यास सुमारे दीड महिना लागतो. म्हणजे एप्रिलअखेरच्या उष्णतेने झालेली टोमॅटोची फूलगळ बाजारात दिसते ती जूनच्या मध्यास. तसेच ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात रोपवाटिका वाहून गेल्या तर त्याची खरी टंचाई डिसेंबर-जानेवारीत जाणवते.

टोमॅटोचे एक वर्ष

वरील हिशेब ध्यानात ठेवून सन २०२३ मधील घटनांकडे पाहू. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात उन्हाळी टोमॅटोचे मोठे क्षेत्र असून नारायणगावच्या उपबाजारात त्याचा खुला लिलाव होतो. नाशिक जिल्ह्यातील खरीप टोमॅटो पिंपळगाव बसवंत व इतर बाजारांतून साधारणतः ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत देशभर जातो. एकाचा हंगाम उतरू लागला म्हणजे दुसऱ्याचा चढू लागतो. या दोहोंच्या सांध्यात, म्हणजे जून अखेर ते ऑगस्ट या काळात, आवक स्वभावतःच थोडी कमी असते.

त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत भाव फार पडले. टोमॅटोच्या २० किलोंच्या क्रेटमागे तोडणीची मजुरी, वाहतूक, हमाली व तोलाई असा मिळून समजा ८० रुपये खर्च येतो आणि लिलावात ६० रुपये मिळतात. अशा वेळी माल तोडला तर क्रेटमागे २० रुपये पदरचे जातात, न तोडला तर निदान तेवढे तरी वाचतात. म्हणून शेतकरी तोडणी थांबवितो, फवारणी व पाणी देणे सोडतो. तसेच नवी लागवड करावयाचे टाळतो. एका शेतकऱ्यापुरता हा निर्णय बरोबरच असतो. परंतु हजारो शेतकऱ्यांनी एकाच वेळी तो घेतला की, दीड-दोन महिन्यांनंतर यावयाचा मालच नाहीसा होतो.

त्यात हवामानाची भर पडली. उन्हाळ्यातील उष्णतेने फूलगळ झाली. कर्नाटकातील कोलार भागात पांढऱ्या माशीमुळे पसरलेल्या विषाणुरोगाने पीक घटले. मुंबईत मोसमी पाऊस साधारणतः ११ जूनच्या सुमारास येतो. त्या वर्षी तो २५ जूनला पोचला. त्यानंतर उत्तरेकडे जोराचा पाऊस होऊन हिमाचल प्रदेशातील मालाची वाहतूक खंडित झाली. परिणामी जूनच्या अखेरच्या आठवड्यापासून भाव एकदम चढले. केंद्र सरकारने १४ जुलैपासून सहकारी संस्थांमार्फत किलोला ९० रुपये या दराने टोमॅटोची विक्री सुरू केली व पुढे हा दर ८० आणि नंतर ७० रुपयांवर आणला.

आता पुढील भाग विशेष लक्ष देण्याजोगा आहे. जुलैमधील भाव ऐकून अनेकांनी टोमॅटोची लागण केली अथवा वाढविली. जुलैच्या मध्यास लावलेले रोप पहिल्या तोड्यावर येते ते सप्टेंबरच्या उत्तरार्धात. पण तत्पूर्वीच, जूनमध्ये लावलेला नाशिकचा नेहमीचा खरीप माल ऑगस्टअखेरपासून बाजारात येऊ लागला होता. म्हणजे उंच भाव पाहून लागवड करणाऱ्याच्या हाती पडला तो उतरलेला भाव. सप्टेंबरमध्ये घाऊक भाव किलोमागे काही रुपयांवर आला व माल रस्त्यावर टाकावा लागला.

यावरून निघणारा बोध सरळ आहे. आजचा भाव हा दोन-तीन महिन्यांपूर्वी झालेल्या लागवडीचे फळ असतो. आज करावयाच्या लागवडीचा भाव त्यावरून ठरत नाही. किंबहुना, ज्या भावाने सर्वांना मोह पडतो त्या भावावर विसंबून केलेली लागवड बहुधा मंदीतच सापडते, आणि ज्या मंदीने सर्वजण पीक सोडून देतात तिच्या पाठोपाठ बहुधा तेजी येते.

कांद्याचा प्रश्न थोडा निराळा

कांद्याचे महाराष्ट्रात तीन हंगाम आहेत. खरीप कांद्याची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होऊन तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात निघतो. रांगडा कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावून जानेवारी ते मार्चमध्ये काढतात. रब्बी अथवा उन्हाळ कांद्याची लागण डिसेंबर-जानेवारीत होते आणि तो एप्रिल-मेमध्ये येतो. या तिहींपैकी फक्त रब्बी कांदा साठवणुकीत चार-पाच महिने टिकतो. मे महिन्यापासून खरीप कांदा येईपर्यंत सबंध देशाची गरज प्रामुख्याने याच चाळीतील कांद्यावर भागते.

म्हणून सप्टेंबर ते नोव्हेंबर हा कांद्याच्या दृष्टीने नाजूक काळ आहे. चाळीतील माल संपत आलेला असतो आणि नवा खरीप कांदा परतीच्या पावसाच्या तोंडी असतो. सन २०१९ मध्ये नेमके असेच घडले. लांबलेल्या पावसाने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खरीप कांद्याची नासाडी झाली. २९ सप्टेंबर २०१९ रोजी निर्यातबंदी लागू झाली होती. तरीही डिसेंबरमध्ये अनेक शहरांत किरकोळ भाव किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला. सन २०२३ चा ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी खरीप कांदा उशिरा आला, भाव वाढले आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी पुन्हा निर्यातबंदी करण्यात आली. ती मे २०२४ मध्ये उठली. बाजारभावावर हवामानाबरोबरच सरकारी धोरणाचाही परिणाम होतो व तोही पुष्कळदा हवामानाच्या पाठोपाठ येतो, हे यावरून दिसून येईल.

सणवार आणि मागणी

आवक ऋतूवर अवलंबून असते, तशी मागणी पंचांगावर अवलंबून असते. आषाढ शुद्ध नवमीस, म्हणजे कांदेनवमीस, कांदा-वांगे खाऊन अनेक घरांत ते चातुर्मासासाठी वर्ज्य करतात. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत व रोडगा यांचा नैवेद्य होऊन वांगे पुन्हा ताटात येते. श्रावणात सामिष आहार बंद असल्यामुळे भाजीची एकूण मागणी वाढते. ऋषिपंचमीला आळू, माठ, पडवळ, भोपळा यांची गरज लागते. पितृपक्षात गवार, भेंडी, कारली, काकडी व तांबडा भोपळा यांचे भाव चढतात. आषाढी एकादशी व महाशिवरात्र यांना रताळी खपतात. भोगीला पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगी अशा मिश्र भाजीला मागणी असते.

हे सण इंग्रजी तारखांच्या हिशेबाने मात्र मागेपुढे होतात. सन २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला आली आणि पितृपक्ष ऑक्टोबरमध्ये पडला. आदल्या वर्षीच्या तारखा धरून गवार पेरणाऱ्याचा माल अशा वर्षी आधीच निघून जातो. गवार साधारणतः दीड ते दोन महिन्यांत तोडणीस येते. तेव्हा पितृपक्षाची तिथी पाहून तेवढे दिवस मागे मोजावे आणि मग पेरणीचा दिवस ठरवावा.

शेत आणि बाजार यांमधील अंतर

घाटमाथ्यावरील भाजी मुंबईस जाते ती माळशेज, कसारा व बोरघाट या घाटांतून. गोव्यासही पुष्कळशी भाजी बेळगावकडून घाट उतरूनच येते. पावसाळ्यात दरड कोसळून एखादा घाट बंद पडला तर शहरात भाव वाढतो, पण शेतकऱ्याच्या बांधावर तो पडतो, कारण माल जागच्या जागी अडकून पडतो. म्हणून शहरातील तेजी म्हणजे शेतकऱ्याची तेजी असे समजू नये. रिझर्व्ह बँकेच्या वतीने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ग्राहकाने दिलेल्या एका रुपयातून शेतकऱ्याच्या हाती टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ पैसे आणि बटाट्यात ३७ पैसे पडतात. उरलेली रक्कम वाहतूक, हमाली, अडत, नासाडी आणि मधल्या व्यापारात जाते. नासाडी जितकी कमी होईल तितका शेतकऱ्याचा वाटा वाढण्यास वाव राहील.

शेतकऱ्यांनी योजावयाचे उपाय

पहिला उपाय टप्प्याटप्प्याने लागवड करण्याचा. वीस गुंठे मेथी किंवा कोथिंबीर एकाच दिवशी पेरण्याऐवजी पाच-पाच गुंठ्यांचे चार भाग करून आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरावेत. एखादा भाग पावसात अथवा मंदीत सापडला तरी इतर भाग हात देतात. सर्वच माल चढ्या भावात जाणार नाही हे खरे, पण सर्वच माल पडत्या भावातही जाणार नाही. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने हा दुसरा लाभ अधिक मोलाचा आहे.

दुसरा उपाय कालावधीची सांगड घालण्याचा. एकाच शेतात महिन्याभरात येणारी पालेभाजी, दोन महिन्यांत सुरू होणारी भेंडी किंवा गवार आणि त्याहून उशिरा येणारे टोमॅटो, वांगी अथवा मिरची अशी विभागणी असावी. सर्व जमीन एकाच भाजीखाली आणणे म्हणजे एकाच दिवसाच्या लिलावावर वर्षाचा संसार सोपविणे होय.

तिसरा उपाय पिकाचे हवामानापासून रक्षण करण्याचा. पावसाळ्यात गादीवाफ्यावर किंवा उंच वरंब्यावर लागवड करून पाण्याचा निचरा करावा. टोमॅटो व वेलभाज्यांना तार-काठीचा किंवा मांडवाचा आधार द्यावा. त्यामुळे फळ चिखलात लोळत नाही व हवा खेळती राहून रोग कमी होतात. रोपवाटिका बारीक छिद्रांच्या जाळीखाली वाढविल्यास पांढऱ्या माशीपासून रोपांचे रक्षण होते. उन्हाळ्यात ठिबक सिंचन व आच्छादन यांचा उपयोग करून जमिनीतील ओल टिकवावी. हंगामास योग्य तीच जात निवडावी. उदाहरणार्थ, खरिपासाठी बसवंत ७८० किंवा भीमा सुपर आणि रब्बीसाठी एन-२-४-१, भीमा शक्ती किंवा भीमा किरण या कांद्याच्या जाती आहेत. खरिपाची जात रब्बीत लावून ती चाळीत भरली तर नुकसान अटळ आहे.

चौथा उपाय काढणीनंतरच्या काळजीचा. तोडणी सकाळी लवकर करावी, माल सावलीत आणावा, भिजलेला व किडका माल वेगळा काढावा आणि प्रतवारी करूनच क्रेट भरावेत. माल एक-दोन दिवस राखावयाचा असेल तर नवी दिल्ली येथील भारतीय कृषि अनुसंधान संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष उपयुक्त ठरतो. विटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे तीन इंचांची पोकळी ठेवून तीत वाळू भरावयाची, ती सकाळ-संध्याकाळ भिजवावयाची आणि वरून गवताचे किंवा गोणपाटाचे ओले झाकण घालावयाचे, एवढीच त्याची रचना आहे. त्यास वीज लागत नाही. उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा आतील तापमान दहा ते पंधरा अंशांनी कमी राहते व भाजीचा ताजेपणा टिकतो. कांदा मात्र या कक्षात ठेवू नये. त्यास ओल नव्हे तर कोरडी, खेळती हवा लागते. निम्म्याहून अधिक माना पडल्यावर रब्बी कांदा काढून, सावलीत नीट सुकवून, जमिनीपासून उंच असलेल्या हवेशीर चाळीतच साठवावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

शेतकऱ्याला आपले स्वतःचे शेत दिसते. परंतु पंचक्रोशीत कोणत्या भाजीची किती लागण झाली आहे, हे एकट्याला कळत नाही. ही उणीव ग्रामपातळीवरील कार्यकर्ते भरून काढू शकतात. त्यासाठी पुढील चार गोष्टी कराव्यात.

१. भागातील रोपवाटिकांकडे दर पंधरवड्यास चौकशी करून कोणत्या पिकाची किती रोपे गेली याची नोंद ठेवावी. टोमॅटोची रोपे नेहमीपेक्षा फार अधिक गेली असतील तर दोन-अडीच महिन्यांनी आवक वाढणार, हे त्यावरून आधीच समजते.

२. गावातील पाऊस, उष्णतेची लाट, गारपीट यांची तारीखवार नोंद करावी व वर दिलेल्या कालावधीप्रमाणे तिचा परिणाम बाजारात केव्हा दिसेल याचा अंदाज शेतकऱ्यांस सांगावा.

३. भारतीय हवामान विभागाचा कृषिहवामान विभाग पुणे येथे १९३२ पासून कार्यरत आहे. त्याच्या सहकार्याने कृषी विद्यापीठांकडून दर मंगळवारी व शुक्रवारी कृषिहवामान सल्ला देण्यात येतो. हा सल्ला चावडीवर किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा आणि फवारणी, पेरणी व काढणी यांच्या तारखा त्यानुसार ठरविण्यास मदत करावी.

४. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ निरनिराळ्या बाजार समित्यांतील आवक व भाव रोज प्रसिद्ध करते. एका दिवसाचा भाव सांगण्याऐवजी मागील तीन-चार वर्षांतील त्याच महिन्याचे भाव शेजारी-शेजारी लिहून दाखवावेत. कोणता महिना नेहमीच मंदीचा आणि कोणता बहुधा तेजीचा, हे शेतकऱ्याच्या सहज ध्यानात येईल.

शेतकरी बंधूंनीही घरी एक साधी वही ठेवावी. तीत लागवडीची तारीख, पाऊस, प्रत्येक तोड्याचे वजन, मिळालेला भाव व क्रेटमागे झालेला खर्च एवढ्याच गोष्टी लिहाव्यात. तीन वर्षांची अशी वही गावातील कोणत्याही ऐकीव बातमीपेक्षा अधिक भरवशाचा सल्ला देते. क्रेटमागे येणारा खर्च ठाऊक असला म्हणजे कोणत्या भावाखाली तोडणी थांबवावी आणि कोणत्या भावात ती चालू ठेवावी, हेही घाईत न ठरविता विचाराने ठरविता येते.

पाऊस केव्हा पडेल आणि किती पडेल हे शेतकऱ्याच्या हाती नाही. परंतु लागवडीची तारीख, पिकाची निवड व क्षेत्राची विभागणी या गोष्टी त्याच्या हाती आहेत. ज्या दिवशी बाजारात भाव सर्वांत उंच असेल त्या दिवशी रोपे आणण्याची घाई करण्यापूर्वी, हे रोप तोडणीस कोणत्या महिन्यात येईल आणि त्या वेळी आणखी कोणाचा माल बाजारात असेल, हे दोन प्रश्न प्रत्येक शेतकऱ्याने स्वतःस विचारावेत. त्यांची उत्तरे वहीत लिहून मगच वाफे तयार करावयास घ्यावेत.